पायवाट कोणाची? सांतियागोच्या यात्रामार्गाचा धडा आणि आपला हिरवा पट्टा

प्रेषित संत याकोब यांचा सण २५ जुलै रोजी साजरा होतो. हा सण ज्या वर्षी रविवारी येतो, ते वर्ष स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे पवित्र वर्ष म्हणून पाळण्याची परंपरा आहे. २०२१ चे पवित्र वर्ष कोरोनाच्या संकटामुळे पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या अखेरपर्यंत वाढविले होते. त्यानंतरचा असा योग २०२७ साली येतो. संत याकोबांच्या कबरीकडे पायी जाणाऱ्यांची संख्या सामान्य वर्षांतही झपाट्याने वाढली आहे. यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र २०२४ मध्ये जवळपास पाच लाख यात्रेकरूंनी घेतले. १९८० च्या दशकाच्या मध्याला हीच संख्या वर्षाकाठी काही शेकड्यांत मोजली जात असे.

चाळीस वर्षांत झालेला हा बदल केवळ युरोपातील ख्रिस्ती भाविकांपुरता महत्त्वाचा नाही. निसर्गातून जाणाऱ्या पायवाटा, टेकड्या, किनारे आणि रानमाळ लोकसहभागातून कसे जपावेत, त्यांची ओळख जगाला कशी करून द्यावी आणि ती करून देताना काय हरवू शकते, या सर्व प्रश्नांची उत्तरे या एका मार्गाच्या इतिहासात सापडतात. आपल्या परिसरातही निसर्ग पर्यटनाच्या योजनांची चर्चा वारंवार होत असते. अशा वेळी हा इतिहास थोडा बारकाईने पाहणे उपयुक्त ठरेल.

एका धर्मगुरूने रंगविलेले बाण

मध्ययुगात युरोपच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू सांतियागोला येत. त्यांच्यासाठी पूल बांधले गेले, धर्मशाळा आणि रुग्णालये उभी राहिली, त्यांच्या रक्षणासाठी कायदेही झाले. पुढील शतकांत युद्धे, साथी आणि धर्मसुधारणेचा काळ यांमुळे हा ओघ आटत गेला. विसाव्या शतकाच्या मध्याला मार्गाचे बरेचसे भाग झुडपांनी झाकले गेले होते, काही शेतांत मिसळून गेले होते, तर काहींवरून डांबरी रस्ते गेले होते. जुने नकाशे ग्रंथालयांत सुरक्षित होते, परंतु प्रत्यक्ष जमिनीवर वाट दाखविणारे कोणी उरले नव्हते.

गॅलिसिया प्रांताच्या डोंगराळ सीमेवर ओ सेब्रेइरो नावाचे लहानसे खेडे आहे. फादर एलियास वालिन्या साम्पेद्रो (१९२९-१९८९) हे १९५९ पासून तेथील धर्मगुरू होते. सालामांका येथे त्यांनी या यात्रामार्गाच्या इतिहासावर आणि त्याच्याशी निगडित कायद्यांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. परंतु त्यांचे कार्य ग्रंथालयात थांबले नाही. गावातील जुने चर्च, धर्मशाळा आणि गवताने शाकारलेली गोल दगडी घरे यांचा त्यांनी जीर्णोद्धार करविला. त्यानंतर १९८४ मध्ये आपल्या मोटारीत पिवळ्या रंगाचे डबे भरून ते संपूर्ण मार्गावर फिरले आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर दिशादर्शक बाण रंगवीत गेले. हा रंग रस्त्यांच्या कामातून उरलेला होता, असे सांगितले जाते. आज जगभर या यात्रेचे चिन्ह म्हणून ओळखला जाणारा पिवळा बाण असा जन्माला आला.

या कामाची खरी किंमत बाणांहून वेगळ्या गोष्टीत आहे. वाटेतील प्रत्येक भागात बाणांची निगा राखणारी माणसे उभी राहावीत, यासाठी फादर वालिन्या यांनी गावोगावी संपर्क साधला, एक छोटे माहितीपत्रक काढले आणि स्थानिक मंडळांना एकमेकांशी जोडले. १९८७ मध्ये हाका या शहरात या मंडळांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी कौन्सिल ऑफ युरोपने या मार्गाला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९८९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या उपस्थितीत सांतियागो येथे जागतिक युवा दिन साजरा झाला आणि १९९३ मध्ये स्पेनमधील मार्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फादर वालिन्या यांचे १९८९ च्या अखेरीस निधन झाले. जागतिक वारशाचा मान त्यांना पाहता आला नाही.

हा घटनाक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम अभ्यास झाला, मग खुणा झाल्या, मग खुणा जपणारी मंडळे झाली आणि सरकारी मान्यता व प्रसिद्धी सर्वांत शेवटी आली. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम नेमका उलटा असतो. प्रथम उद्घाटनाची तारीख ठरते, फलक लागतो, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात आणि मागाहून कोणाच्या तरी लक्षात येते की, कचरा उचलण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

शेजाऱ्यांनी सांभाळलेली वाट

फ्रान्सच्या सीमेवरून निघणारा, सर्वांत प्रसिद्ध असलेला मार्ग सुमारे आठशे किलोमीटर लांबीचा आहे. एवढी लांब वाट केवळ सरकारी कर्मचाऱ्यांच्या बळावर जपणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. तेथे ही जबाबदारी अनेकांत वाटली गेली आहे. एखादे मंडळ ठरावीक टप्प्याच्या खुणा दरवर्षी तपासते. काही धर्मग्राम आणि मठ यात्रेकरूंना रात्रीचा निवारा देतात. पूर्वी स्वतः ही यात्रा केलेली माणसे आपल्या सुटीतील सुमारे दोन आठवडे अशा निवाऱ्यात विनामूल्य सेवा करतात. ती खोल्या झाडतात, स्वयंपाक करतात आणि फोड आलेल्या पायांना पट्टी बांधतात. काही निवाऱ्यांत ठरलेले शुल्क नसते. दाराशी दानपेटी असते आणि ज्याला जे शक्य आहे ते त्याने द्यावे, अशी अपेक्षा असते. ग्रान्योन या गावातील चर्चला जोडून असलेला निवारा याच रीतीसाठी प्रसिद्ध आहे.

यात्रेकरूजवळ एक छोटी पुस्तिका असते आणि प्रत्येक मुक्कामी तिच्यावर शिक्का घेतला जातो. पायी किमान शंभर किंवा सायकलने किमान दोनशे किलोमीटर प्रवास केल्याचे या शिक्क्यांवरून सिद्ध झाले, म्हणजे सांतियागो येथे प्रमाणपत्र मिळते. वरवर पाहता ही साधी औपचारिकता वाटेल. तथापि या शिक्क्यांमुळे यात्रेकरू आणि गाव यांचा प्रत्यक्ष परिचय होतो. मोटारीने येऊन छायाचित्र काढून जाणारा पर्यटक आणि गावात थांबून शिक्का घेणारा, जेवणारा, झोपणारा वाटसरू यांच्यातील भेद ही पुस्तिका निश्चित करते. गावाला त्यातून उत्पन्न मिळते आणि उत्पन्न मिळते म्हणून वाट जपण्यात गावाचा स्वतःचा स्वार्थही निर्माण होतो.

लेओन प्रांतातील फोन्सेबादोन या डोंगरी गावाचे उदाहरण बोलके आहे. लोक शहराकडे निघून गेल्यामुळे हे गाव जवळजवळ ओस पडले होते. यात्रेकरूंची वर्दळ वाढल्यावर तेथे निवारे आणि खाणावळी सुरू झाल्या आणि पडक्या घरांवर पुन्हा छपरे चढली. ग्रामीण भाग रिकामा होत जाणे ही स्पेनची मोठी समस्या आहे. एका पायवाटेने ती सुटलेली नाही, परंतु वाटेवरील काही गावांना तिने जगण्याचे कारण दिले, हे नाकारता येणार नाही.

यशाचे ओझे

या चित्राची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९९३ च्या पवित्र वर्षासाठी गॅलिसियाच्या प्रादेशिक सरकारने मोठी प्रचारमोहीम राबविली आणि सार्वजनिक निवाऱ्यांचे जाळे उभारले. त्यामुळे लाखो लोकांपर्यंत यात्रेची माहिती पोहोचली. परंतु प्रमाणपत्रासाठी शंभर किलोमीटर पुरेसे असल्यामुळे गर्दी शेवटच्या टप्प्यातच एकवटली. सांतियागोपासून शंभर किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर असलेल्या सारिया या एका गावातून अलीकडच्या वर्षांत दहापैकी सुमारे तीन यात्रेकरू निघतात. परिणामी शेवटच्या शंभर किलोमीटरवर पहाटे जागा मिळविण्यासाठी धावपळ चालते, तर आधीच्या शेकडो किलोमीटरवरील लहान गावांच्या वाट्याला त्यामानाने थोडे लोक येतात. चांगल्या हेतूने केलेला एखादा नियम गर्दीचे वाटप कसे बदलून टाकतो, हे यावरून दिसते.

खुद्द सांतियागोच्या जुन्या शहरात घरमालकांना कायमच्या भाडेकरूंपेक्षा पर्यटक अधिक किफायतशीर वाटू लागले. तेथील रहिवासी कमी होत गेले. किराणा दुकानांच्या जागी भेटवस्तूंची दुकाने आली. अखेर पर्यटकांना घरे भाड्याने देण्यावर महापालिकेला निर्बंध आणावे लागले. ज्या शहराने शतकानुशतके वाटसरूंचे आदरातिथ्य केले, तेथील नागरिक आता गर्दीविरुद्ध बोलू लागले आहेत.

निसर्गही स्वस्थ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेनच्या वायव्य भागात भीषण वणवे पेटले आणि आस्तोर्गा ते पोन्फेरादा या दरम्यानचा सुमारे पन्नास किलोमीटरचा मार्ग काही काळ बंद ठेवावा लागला. गावे ओस पडली की गुरे चारणारे आणि रान साफ ठेवणारे हात कमी होतात, वाळलेले गवत व झुडपे साचतात आणि उष्णतेच्या लाटेत ठिणगी पडताच वणवा पसरतो. वाट जपायची असेल, तर वाटेभोवतीची शेती आणि शेतकरीही टिकला पाहिजे, हा या वणव्यांचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील दोन अनुभव

लोकसहभागातून जपलेल्या वाटेची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. पंढरीची वारी हे तिचे थोर उदाहरण आहे. दिंड्यांची शिस्त वारकऱ्यांनीच घडविली आणि वाटेवरील गावांनी अन्न, पाणी व निवारा देणे हा आपला मान समजला. त्या मार्गांच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. पायी चालणाऱ्यांसाठी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र मार्ग ठेवण्याची तरतूद त्यात आहे. वाहनांच्या धोक्यापासून वारकऱ्यांचे रक्षण व्हावे, हा हेतू योग्यच आहे. तथापि रुंदीकरणात तोडल्या गेलेल्या जुन्या झाडांची सावली नव्या रोपांकडून मिळण्यास अनेक वर्षे जावी लागतील. चालणाऱ्यासाठी काय आवश्यक आहे, हे चालणाऱ्यालाच आधी विचारले पाहिजे, हा धडा येथेही मिळतो.

दुसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचे आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी येतात. पूर्वी ही अंडी माणसे आणि जनावरे उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे संवर्धनाचे काम सुरू केले. ग्रामस्थांनी घरटी राखण्याची जबाबदारी घेतली आणि काही वर्षांतच कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि पहाटे पिल्ले समुद्राकडे झेपावताना पाहतात. येथे मोठे हॉटेल उभे राहिले नाही, हीच वेळासची शक्ती आहे. येणारा पैसा गावातील घरांत जातो, म्हणून किनारा राखणे गावाला आपले काम वाटते. येथेही संवर्धन आधी झाले आणि महोत्सव नंतर आला.

आपला परिसर

वसईच्या हिरव्या पट्ट्याला हाच विचार लावून पाहिला, तर काय दिसते? एका बाजूला समुद्रकिनारा, दुसऱ्या बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर आणि मध्ये केळीच्या, फुलांच्या, भाजीपाल्याच्या वाड्या, बावखले, पाणथळी आणि मिठागरे असा हा विलक्षण भूप्रदेश आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या भूमीसाठी लढा दिला. फादरांचे निधन २५ जुलै २०२४ रोजी, म्हणजे संत याकोबांच्या सणादिवशीच झाले. त्या लढ्यामुळे जे वाचले, ते आता कसे जपावे, हा पुढच्या पिढीसमोरील प्रश्न आहे.

निसर्ग पाहायला येणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नाही. राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागतात. चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून मृत्यू होण्याच्या घटनांमुळे पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश काढावे लागत आले आहेत. गर्दी आधी आली आणि तिची व्यवस्था लावणारे कोणी नाही, अशी ही स्थिती आहे. अशा वेळी आणखी जाहिरात करणे म्हणजे फुटक्या बांधात आणखी पाणी सोडण्यासारखे होईल. प्रथम वाट आणि तिचे राखणदार तयार झाले पाहिजेत.

त्यासाठी कोणते मार्ग निवडावेत, याचाही विचार हवा. तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे आणि तेथे वन विभागाच्या परवानगीवाचून खुणा करणे किंवा वाट काढणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसणार नाही. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथील भग्न चर्चच्या भिंतींवर पिवळा बाण काय, खडूची रेघही ओढता कामा नये. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास बंदी आहे. किनाऱ्याला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत. या मर्यादा अडथळे म्हणून पाहण्याचे कारण नाही. उलट जे काम माणसांच्या हातांनी, सिमेंटवाचून होऊ शकते, त्याकडे त्या आपल्याला वळवितात. किल्ल्यात हौशी दुर्गप्रेमींनी केलेल्या स्वच्छता मोहिमा आणि बावखले वाचविण्यासाठी गावातील तरुणांनी केलेले प्रयत्न हे अशाच कामाचे नमुने आहेत.

एक साधी योजना कल्पून पाहू. चर्चच्या आवारापासून निघून गावाच्या गल्लीतून, एखाद्या बावखलाच्या काठाने समुद्रापर्यंत जाणारी चार-पाच किलोमीटरची वाट निवडावी. ती पूर्वापार वहिवाटीची असावी, म्हणजे कोणाच्या जमिनीवर आक्रमण होणार नाही. तिचा एकेक टप्पा एकेका वाडीने दत्तक घ्यावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, त्या त्या वाडीने आपला टप्पा साफ करावा. खुणा लाकडी खांबांवर असाव्यात. या वाटेवर वाहनांना प्रवेश नसावा. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आणि वयोवृद्धांना प्रथम तेथे चालवावे. वाटेतील झाडे, पक्षी, विहिरी, क्रूस आणि जुनी घरे यांची नोंद ज्येष्ठांकडून करून घ्यावी. दोन वर्षे ही वाट नीट सांभाळता आली, तरच बाहेरच्यांना बोलवावे. मग घरगुती जेवण, सुकेळी, फुले यांच्या विक्रीतून त्या वाड्यांना उत्पन्नही मिळू शकेल.

या योजनेवर रास्त आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेतलेच पाहिजेत. अनोळखी लोक वाडीतून फिरू लागले तर पिकाचे नुकसान होईल, ही शेतकऱ्याची भीती खोटी नाही. सहलीला आलेला माणूस उद्या जमिनीचा दलाल होऊन परत येईल, ही शंकाही अनुभवातून आलेली आहे. घरातील स्त्रियांना आपल्या अंगणाजवळून परक्यांची वर्दळ नको वाटेल. सांतियागोच्या नागरिकांची आजची तक्रार नेमकी हीच आहे. म्हणून वाट कोठून जावी, दिवसाला किती माणसे यावीत, कोणत्या महिन्यांत ती बंद असावी आणि गरज पडल्यास ती कायमची कधी बंद करावी, हे ठरविण्याचा अधिकार वाटेलगतच्या कुटुंबांकडेच राहिला पाहिजे. ग्रामसभा, महापालिका, धर्मग्राम परिषद किंवा एखादी संस्था यांनी साहाय्य करावे. नकार देण्याचा अधिकार मात्र शेजाऱ्यांचा असावा. ज्या सहभागात नकाराला जागा नसते, त्याला सहभाग म्हणता येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाऊदातो सी’ या परिपत्राद्वारे पृथ्वी हे आपले सर्वांचे घर असल्याची जाणीव करून दिली. घराची निगा राखायची तर घर माहीत असावे लागते. आपल्याच वाडीतील बावखल कोणत्या बाजूने भरते, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो, कोणती वाट पूर्वी समुद्राला जात असे, हे न जाणणाऱ्या पिढीकडून आपण त्यांच्या रक्षणाची अपेक्षा कशी करणार? चालणे हा ते जाणून घेण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना उपाय आहे.

ओ सेब्रेइरोच्या धर्मगुरूंजवळ ना निधी होता, ना सरकारी पद. त्यांच्याजवळ जुन्या वाटेचे सखोल ज्ञान, रंगाचे काही डबे आणि गावोगावच्या लोकांशी संपर्क ठेवण्याची चिकाटी होती. आपल्याकडे ज्ञान असलेले ज्येष्ठ अजून हयात आहेत, परंतु त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. म्हणून पहिले काम नोंदीचे आहे. प्रत्येक धर्मग्रामातील युवक-युवतींनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील एका ज्येष्ठ व्यक्तीसोबत एक जुनी वाट चालून तिचा नकाशा तयार केला, तरी मोठा आरंभ होईल. वाट खुली करायची की नाही, याचा निर्णय मागाहून, सर्वांनी मिळून घेता येईल.